झाकण्याआधी दाखवा: स्वतःचं घर नियमांत बसवून बांधताना

घर बांधायला काढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नियम म्हटलं की एकच चित्र येतं: एक खिडकी, तिच्यामागे बसलेले साहेब आणि शेरा मारून परत आलेला नकाशा. माझ्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. सकाळचे सात वाजलेत, सळई बांधून झाली आहे, काँक्रीटची गाडी निघाली आहे आणि कोणीतरी विचारतं, "इंजिनिअर येऊन बघून गेले का?" यावर "नाही, पण चालतं हो" असं उत्तर आलं की त्या घराचं गणित तिथेच चुकायला लागतं, मग कागदपत्रं कितीही चोख असोत.

घरातल्या ज्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो त्या घर पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटच्या पोटात, सांडपाण्याचा पाइप फरशीखाली आणि वायर प्लास्टरमागे. म्हणून जगातल्या बहुतेक बांधकाम नियमांचा सांगाडा सारखाच आहे. आधी कागदावर दाखवा, मग प्रत्येक गोष्ट झाकायच्या आधी जागेवर दाखवा आणि शेवटी पूर्ण झालेलं घर दाखवा. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची सगळ्यांना धास्ती असते. गफलत होते ती मधल्या गोष्टीत.

पुढे आकडे येतील, ते कोणत्या संहितेतले आहेत हेही सांगितलं आहे. ते अंदाज यावा म्हणून आहेत. तुमच्या जागेला लागू होणारा आकडा तुमच्याच स्थानिक नियमावलीतून घ्यायचा.

पायरी १: परवानग्या दोन असतात हे आधी समजून घ्या

पहिली परवानगी जमिनीच्या वापराची: या जागेवर घर बांधता येईल का, किती मोठं, किती उंच आणि हद्दीपासून किती आत. दुसरी बांधकामाच्या दर्जाची: ते घर उभं कसं राहणार, त्यात उजेड-वारा कुठून येणार, आग लागली तर माणूस बाहेर कसा पडणार, सांडपाणी कुठे जाणार. इंग्लंडमध्ये या दोन्ही प्रक्रिया पूर्णपणे वेगळ्या आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. काही ठिकाणी दोन्ही एकाच अर्जात गुंफलेल्या असतात, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी तिथे होते. नकाशावर शिक्का पडला म्हणजे कॉलमची सळईही कोणीतरी तपासली, असं तो धरून चालतो. तो शिक्का बहुधा फक्त अंतरं, उंची आणि क्षेत्रफळ यांच्यापुरता असतो.

कोणती संहिता, कोणत्या सालची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली, त्यानंतर १९८३, २००५ आणि २०१६ अशा तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पण ती मुळात नमुना आहे. स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत घेतलं तेवढंच त्यातलं बंधनकारक ठरतं. अमेरिकेत घरांसाठीचा इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड दर तीन वर्षांनी नव्याने निघतो, तरी प्रत्येक राज्य आणि शहर आपापल्या सवडीने एखादी आवृत्ती स्वीकारतं. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेला आकडा खरा असूनही तुमच्या कामाचा नसू शकतो.

त्याच भेटीत आणखी काही गोष्टी विचारा. जमीन निवासी वापराची आहे का? समोरचा रस्ता पुढे रुंद होणार आहे का? पूररेषा कुठून जाते? डोक्यावरून वीजवाहिनी किंवा जमिनीखालून सार्वजनिक नळवाहिनी जाते का? यातल्या एकाचंही उत्तर उलटं आलं तर आर्किटेक्टने काढलेलं सगळं वाया. म्हणून हे प्रश्न नकाशा काढायला देण्याआधी.

पायरी २: हद्द मोजा, मग आत या

समजा जमीन १२ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब आहे. समोरून ३ मीटर, मागून २ मीटर आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर मोकळं सोडायचं आहे. उरलं ९ गुणिले १३, म्हणजे ११७ चौरस मीटर. २१६ चौरस मीटरच्या जमिनीत घराचा ठसा यापेक्षा मोठा होऊ शकत नाही. मजले मिळून एकूण किती बांधता येईल ते चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो. निर्देशांक १ असेल तर सगळे मजले मिळून २१६. एका मजल्यावर ११७ घेतले तर दुसऱ्यावर ९९. जिना, गॅलरी, पार्किंग यांतलं काय मोजायचं आणि काय सोडायचं, याचे नियम गावोगाव वेगळे असतात. तेवढं पान मात्र स्वतः वाचा, सांगोवांगीवर राहू नका.

हद्दीपासून सोडायच्या या मोकळ्या जागेला सामासिक अंतर म्हणतात. ती म्हणजे सरकारने तुमच्याकडून काढून घेतलेली जमीन, असा अनेकांचा समज असतो. १६६६ साली लंडन जळालं ते दाटीने उभ्या असलेल्या लाकडी घरांमुळे. पुढच्याच वर्षी झालेल्या पुनर्बांधणीच्या कायद्याने घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या हव्यात असं ठरवून टाकलं. शेजाऱ्याची आग तुमच्यापर्यंत येऊ नये आणि तुमची त्याच्यापर्यंत जाऊ नये, हा विचार आजच्या मोकळ्या अंतरांमागेही आहे. शिवाय त्याच पट्ट्यातून तुमच्या खिडक्यांना उजेड येतो आणि शिडी घेऊन आलेला अग्निशमन दलाचा माणूसही तिथूनच मागे जातो.

इथे एक बारीक फसवणूक असते, आणि ती कोणी मुद्दाम करत नाही. गवंडी अंतर मोजतो विटेच्या तोंडापर्यंत. तपासणारा मोजतो तयार भिंतीपर्यंत. बाहेरचं प्लास्टर २० ते २५ मिलिमीटर, त्यावर दगडी लादी लावायची हौस असेल तर आणखी ३० ते ४०. म्हणजे दीड मीटर काटेकोर धरून आखणी केली तर काम संपताना अंतर भरेल १.४४ मीटर. त्यामुळे आखणी करताना ७५ ते १०० मिलिमीटर जास्तच सोडा. हद्दीच्या खुणाही अधिकृत मोजणीने पक्क्या करून घ्या. शेजाऱ्याचं कुंपण म्हणजे हद्द नव्हे, ते कुठेही असू शकतं.

पायरी ३: कोणाची जबाबदारी कुठे संपते ते लिहून घ्या

आर्किटेक्ट नकाशा काढतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांचा हिशोब करतो. ठेकेदार बांधतो. आणि नेमक्या वेळी तपासणीला कोण बोलावणार? या प्रश्नावर तिघेही एकमेकांकडे बघतात. करारात यासाठी एक वाक्य घाला: पाया, जोतं, प्रत्येक स्लॅब, सांडपाण्याची लाइन आणि वायरिंग, यांपैकी काहीही लेखी होकाराशिवाय झाकायचं नाही, झाकलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने उघडून दाखवायचं. हे वाक्य वाचून ठेकेदार नाक मुरडेल. मुरडू द्या.

पैशांचे हप्तेही याच टप्प्यांना बांधा. "स्लॅब पडला की हप्ता" असं लिहिलं तर स्लॅब लवकर पडतो. "स्लॅबची सळई तपासून सही झाली आणि घनांचा (काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यांचा) निकाल आला की हप्ता" असं लिहिलं तर तो नीट पडतो. शेवटच्या हप्त्याचा मोठा भाग पूर्णत्वाचा दाखला हातात येईपर्यंत अडवून ठेवा.

पायरी ४: नकाशा मंजुरीला देण्याआधी घरातून मनाने फिरून या

खोल्यांची किमान मापं सोपी असतात, आर्किटेक्टला ती पाठ असतात. भारतीय संहितेत राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर, क्षेत्र ९.५ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर, हे आकडे वर्षानुवर्षं वापरात आहेत. इथे फारसं कोणी चुकत नाही.

खिडक्यांशी थांबा. अमेरिकी संहिता म्हणते, काच खोलीच्या क्षेत्राच्या ८ टक्के आणि त्यातली उघडणारी जागा ४ टक्के हवी. भारतीय संहिता हवामानाप्रमाणे कोरड्या उष्ण भागात एक दशांश आणि दमट उष्ण भागात एक षष्ठांश मागते. तीन गुणिले चार मीटरच्या खोलीला यातून ०.९६ चौरस मीटरपासून २ चौरस मीटरपर्यंत काहीही निघू शकतं. पण खरा सापळा पुढे आहे. सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, ती उघडते अर्धीच. नियमात उघडणारी जागा मोजायची असेल तर सरकत्या खिडकीचा हिशोब अर्ध्यावर धरा.

झोपायच्या खोलीची खिडकी म्हणजे आगीत बाहेर पडायची वाट, असंही अनेक देश मानतात. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांत अशा खिडकीची उघडणारी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, उंची आणि रुंदी दोन्ही किमान ४५० मिलिमीटर, आणि तिचा खालचा काठ खोलीच्या फरशीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नाही, असं आहे. तुमच्या नियमात हे नसलं तरी खिडकीला चोरांच्या भीतीने पक्कं गज-जाळीचं काम करून घेताना एक प्रश्न स्वतःला विचारा: जिन्यात धूर भरला तर या खोलीतला माणूस कुठून बाहेर येणार? निदान एका जाळीला आतून उघडणारं दार ठेवा, तेही किल्ली न शोधता उघडणारं.

आता जिना. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या स्वतःच्या घरात तो चुकला आहे.

भारतीय संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी किमान २५० मिलिमीटर. इंग्लंडमध्ये घरातल्या जिन्याला २२० मिलिमीटर उंचीपर्यंत मुभा आहे, पण जिन्याचा चढ ४२ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेत पायरीची उंची पावणेआठ इंचांपर्यंत, म्हणजे १९६ मिलिमीटर. मात्र सगळ्यात शहाणा नियम आकड्यांच्या खाली दडलेला असतो: एका जिन्यातल्या पायऱ्या एकसारख्या हव्यात. अमेरिकी संहिता सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत पाव इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. कारण पाय डोळ्यांनी चालत नाहीत. दोन पायऱ्या चढल्या की पावलांना उंची पाठ होते, आणि पुढची पायरी वेगळी निघाली की माणूस पडतो.

माझ्या घरात मजल्याची उंची ३ मीटर होती. १६ पायऱ्या, प्रत्येकी १८७.५ मिलिमीटर. कागदावर उत्तम. मिस्त्रीने काँक्रीटच्या पायऱ्या अगदी तशाच ओतल्या. मग खालच्या मजल्याच्या फरशीने भरावासकट ६० मिलिमीटर उंची खाल्ली, वरच्या मजल्यावरही तेवढीच. पायऱ्यांवर मात्र २० मिलिमीटरची लादी बसली. आता बघा: पहिली पायरी झाली १४७.५ मिलिमीटर, मधल्या चौदा १८७.५ आणि शेवटची २२७.५. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पायरीत ८० मिलिमीटरचा फरक. घरी येणारा प्रत्येक पाहुणा वर पोचताना ठेचकाळतो, आणि मग मला ही सगळी गोष्ट त्याला सांगावी लागते. टाळायचा उपाय साधा आहे: काँक्रीट ओततानाच पहिली पायरी ४० मिलिमीटर जास्त आणि शेवटची तेवढीच कमी धरायची. त्यासाठी फरशी आणि लादी यांची जाडी जिना ओतायच्या आधी ठरलेली हवी. लादी निवडायला कोणी तेव्हा दुकानात जात नाही, मीही गेलो नव्हतो.

कठड्याचं मात्र एका ओळीत. अमेरिकेत कठड्याची किमान उंची ९१४ मिलिमीटर आहे, इंग्लंडमध्ये बाहेरच्या गॅलरीला ११०० मिलिमीटर, आणि दोन्हीकडे गजांमधून साधारण १०० मिलिमीटरचा चेंडू जाता कामा नये, कारण लहान मूल त्यातून पार होऊ शकतं किंवा त्याचं डोकं अडकू शकतं.

पायरी ५: माती, आखणी आणि पाया

माती तपासून घ्या. एकमजली घराला कशाला, असं म्हणणारे भेटतील. काळी चिकण माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि वर एक मजला आहे की तीन याचं तिला काही देणंघेणं नसतं. थंड देशांत पाया गोठणाऱ्या मातीच्या थराखाली न्यावा लागतो, तसा इथे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराखाली. किती खाली ते बोअर घेऊन, म्हणजे खोल भोक पाडून माती बघितल्याशिवाय कळत नाही.

आखणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि टेप हातात ठेवा. काटकोन तपासायला गवंडी तीन-चार-पाच लावतो: एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४, आणि तिरपं अंतर बरोबर ५ भरलं पाहिजे. त्यानंतर पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजा. ९ गुणिले १३ मीटरच्या चौकोनाचा कर्ण १५.८१ मीटर भरतो. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर घर तिरकं बसतंय, आणि एका कोपऱ्यात तुमचं सामासिक अंतर कमी होतंय.

खड्डा खणून झाला की काँक्रीट टाकायच्या आधी पहिली तपासणी. तळ कोरडा आहे का? मऊ जागा, जुनी विहीर, भराव असं काही निघालं का? इंजिनिअरने बघेपर्यंत खड्डा उघडाच ठेवा. पावसाने तळ चिखल झाला तर तो चिखल काढून टाका, त्यावरच पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं काँक्रीट, ओतू नका. जोतं किती उंच असावं याला भारतीय संहिता आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर म्हणते. इंग्लंडमध्ये भिंतीतला ओल रोखणारा थर जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर हवा. हा थर लोक नीट घालतात आणि पुढे अंगणात माती टाकून, फरशी बसवून जमीनच त्याच्या वर नेतात. मग भिंतीला ओल आली की दोष सिमेंटला.

जोत्यापर्यंत आलात की अनेक ठिकाणी जोते तपासणी असते. मोजणारा येतो, बाहेरची अंतरं बघतो. चूक निघालीच तर इथे निघालेली बरी. जोतं सरकवता येतं, दोन मजली घर सरकवता येत नाही.

पायरी ६: सळई बांधली की हात थांबवा

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ज्यावर ओततात त्या पाट्या-टेकूंच्या साच्यावर चढा. इंजिनिअरचा नकाशा सोबत घ्या. तुम्हाला सगळं कळायची गरज नाही, तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ.

पहिली, कव्हर. सळई आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांच्यात जागा हवी, नाहीतर ओल आत शिरून सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट सोलून काढते. भारतीय मानक आयएस ४५६ सौम्य हवामानात स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५० मिलिमीटर धरतं. समुद्राजवळ यापेक्षा जास्त. हे अंतर राखायला सिमेंटचे कव्हर ब्लॉक असतात. साइटवर त्यांच्या जागी खडी किंवा विटेचा तुकडा सरकवलेला दिसला तर काढायला लावा. खडी निसटते आणि सळई पाटीवर टेकते, पण वरून काहीच दिसत नाही.

दुसरी, कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशांत आत वळवून कॉलमच्या पोटात गेली पाहिजेत. भूकंपासाठीच्या भारतीय आणि अमेरिकी मानकांत हे स्पष्ट आहे. सळई वाकवणाऱ्याला ९० अंशांचा कोन सोपा जातो, म्हणून तो तसाच वाकवतो. भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. नव्वद आणि एकशे पस्तीस यांतला फरक बघायला इंजिनिअर असावं लागत नाही, हाताचं बोट वाकवून शेजारी धरलं तरी कळतो.

तिसरी गोष्ट पाणी. काँक्रीट घट्ट आलं की मजूर पाइप लावतात, आणि ते लोण्यासारखं पसरायला लागतं. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. काम सोपं होतं आणि ताकद जाते. पातळ काँक्रीट हवंच असेल तर ते तसं मागवा, जागेवर पाणी घालू नका.

मग घन भरा. १५० मिलिमीटरचे लोखंडी साचे असतात. आयएस ४५६ प्रमाणे ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला २ नमुने, प्रत्येक नमुन्याचे ३ घन. १०० चौरस मीटरचा १२५ मिलिमीटर जाड स्लॅब म्हणजे साडेबारा घनमीटर, बीम वेगळे. बीम धरून आकडा १५च्या पुढे गेला तर ३ नमुने. हे घन २८ दिवसांनी दाबून फोडतात आणि मग कळतं की तुम्ही मागितलेलं काँक्रीट तुम्हाला मिळालं का. घन भरताना स्वतः तिथे उभे राहा, कारण चांगलं मिश्रण निवडून साच्यात आणि उरलेलं स्लॅबमध्ये, असंही होतं.

त्यानंतर पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या कडक हवेत किमान १०. सेंट्रिंग काढायचीही घाई नको. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि पुढे २१. सेंट्रिंगवाल्याला पाट्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. त्याची अडचण खरी आहे, पण स्लॅब तुमचा आहे.

पायरी ७: पाइप आणि वायर

सांडपाण्याच्या पाइपला उतार किती, हे जमिनीची पातळी ठरण्याआधी बघा. १:४० म्हणजे दर मीटरला २५ मिलिमीटर. मागच्या टोकाचं शौचालय आणि समोरचं चेंबर यांत १२ मीटर असतील तर ३०० मिलिमीटर उतरायला हवेत. १:८० चालत असेल तर १५०. एवढी खोली समोरच्या सार्वजनिक सांडपाणी वाहिनीला आहे का? नसेल तर शौचालयच पुढे आणावं लागेल, आणि ते नकाशातच झालं पाहिजे. पाइप बुजवण्याआधी खालचं टोक बंद करून पाणी भरा आणि अर्धा तास पातळीवर लक्ष ठेवा. सार्वजनिक वाहिनी नसेल तर सेप्टिक टँक आली, आणि मग अंतरांची दुसरी यादी सुरू होते. इंग्लंडमध्ये टाकी राहत्या भागापासून किमान ७ मीटर आणि तिचं पाणी जमिनीत मुरवण्याचं क्षेत्र पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान ५० मीटर. विहीर शेजाऱ्याची असली तरी.

वायरिंगमध्ये अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का ते मोजून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचं गळती ओळखणारं यंत्र बसवा. ते माणसाला झटका बसला की क्षणात वीज तोडतं. धुराचे अलार्म अनेक देशांत सक्तीचे आहेत. नसले तरी प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक लावा. वायरची सोय प्लास्टरआधीच करून ठेवा.

पायरी ८: मध्येच मन बदललं तर

बदलतंच. गॅलरी थोडी पुढे न्यावी, भिंत काढून हॉल मोठा करावा, गच्चीवर एक खोली चढवावी. प्रत्येक वेळी दोन प्रश्न: मंजूर नकाशात बदल होतो का, आणि भार बदलतो का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या, तोही काम करायच्या आधी. दुसऱ्याचं हो असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. "आधी बांधू, मग दंड भरून नियमित करू" हा सल्ला तुम्हाला मिळेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो कायद्याने शक्यही असतो.

पण दंड भरून कागद सरळ होतो, कॉलम नाही. तुर्कस्तानात २०१८ साली शुल्क घेऊन विनापरवाना बांधकामं नोंदवून देण्याची मोठी सवलत आली होती. मालकाने स्वतः जाहीर करायचं, पैसे भरायचे. इमारत भूकंपात टिकेल का हे त्यात कोणी तपासत नव्हतं, ती जबाबदारी मालकाचीच. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे एकाच दिवसात दोन प्रचंड भूकंप झाले आणि ५० हजारांहून जास्त माणसं गेली. या सवलतीवर तेव्हा पुन्हा कडाडून टीका झाली. उलट बाजूचं उदाहरण जपानचं. तिथे १९८१ साली भूकंपाचे नियम कडक झाले. १९९५ साली कोबे शहर हादरलं तेव्हा सगळ्यात जास्त पडझड १९८१च्या आधीच्या इमारतींची होती.

पायरी ९: पूर्णत्व आणि भोगवटा

काम संपलं की अर्ज करायचा तो पूर्णत्वाच्या किंवा भोगवट्याच्या दाखल्यासाठी. नाव कुठे काय असेल ते असो, बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय घर कायद्याच्या नजरेत राहण्यालायक नसतं. पुढे विकताना, कर्ज घेताना, विम्याचा दावा करताना पहिल्यांदा मागतात तो हाच कागद. लोक सामान हलवून राहायला येतात आणि अर्ज "नंतर बघू" म्हणून राहतो. दहा वर्षांनी तेव्हाचा इंजिनिअर सापडत नाही आणि नियमही बदललेले असतात.

तपासणीला येणारे तयार घर बघतील, बाकीचं तुमच्या फाइलमध्ये असलं पाहिजे: मंजूर आणि सुधारित नकाशे, मातीचा अहवाल, इंजिनिअरचे सळईचे तपशील, टप्प्याटप्प्याच्या सह्या, घनांचे निकाल, वायरिंगची चाचणी. आणि फोटो. प्रत्येक गोष्ट झाकायच्या आधीचा, टेप अंथरून काढलेला. सळईचा काढाच, पण प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचाही एक काढा, जमिनीपासून छतापर्यंत पूर्ण, कोणत्या खोलीची कोणती भिंत ते पाटीवर लिहून. चार वर्षांनी कपाट ठोकायला ड्रिल घेऊन आलेला माणूस "इथून पाइप जातो का?" असं विचारेल तेव्हा भिंतीला कान लावून बसण्याऐवजी फोनमध्ये तो फोटो काढून दाखवा.